नस कापण्याआधी

मराठीत दुखण्याला शब्दांची वाण नाही. दाढ ठणकते, पोटात कळ येते, कमरेत चमक भरते, दिवसभर ओझी वाहिली की खांद्याला रग लागते आणि मिरच्या कुटलेल्या हातांची आग होते. यातला फरक आपल्या आज्यांना कोणा वैद्याने शिकवला नव्हता. मात्र हे दुखणे ज्या तारांमधून मेंदूपर्यंत जाते, त्या तारांना रोजच्या बोलण्यात आपल्याकडे स्वतःचे नाव नाही. आपण म्हणतो 'शीर' किंवा 'नस'. शीर आखडते, शीर दबते, आणि सलाईन लावताना नर्सला सापडत नाही तीही शीरच. रक्त वाहणारी ती शीर आणि संदेश वाहणारी तीही शीर. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवताना मी फळ्यावर 'चेतातंतू' असे लिहीत आलो. तो शब्द परीक्षेच्या पेपराबाहेर कधी पडला नाही. परिणाम असा की चेतातंतू दुखावलेला माणूस रक्त 'मोकळे' व्हावे म्हणून तेल चोळतो, शेक घेतो आणि जिथे कपड्याचा स्पर्श नको तिथे मालीश करवून घेतो.

हा विषय गेली दोन वर्षे डोक्यात घोळतो आहे तो आमच्या दाजींमुळे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांमुळे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते. तिथून जवळच त्यांची शेती, गोठ्यात चार दुभती जनावरे. अडीच वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका इस्पितळात त्यांच्या उजव्या बाजूच्या हर्नियाची, जुन्या शब्दात अंतर्गळाची, जाळी घालून शस्त्रक्रिया झाली. जखम दहा दिवसांत भरली. हर्निया परत आला नाही. इस्पितळाच्या दृष्टीने काम फत्ते झाले होते. पण तिसरा महिना उलटला तशी जांघेत आग सुरू झाली. वीज चमकावी तशी एक रेघ मांडीत उतरायची. दाजींचे स्वतःचे वर्णन डॉक्टरी पुस्तकापेक्षा नेमके आहे: "मास्तर, लेंग्याची नाडी टेकली तरी इंगळी डसल्यागत हुतंय." दुधाची किटली उचलणे बंद झाले, मोटारसायकल बंद झाली, उसाला पाणी द्यायला गडी ठेवावा लागला. घरच्यांची निदानेही झाली. कुणी म्हणाले टाका आत राहिला, कुणी म्हणाले वायू, आणि वर्ष उलटल्यावर एक निदान दबक्या आवाजात होऊ लागले, की हे मनाचे आहे.

ते मनाचे नाही. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील वेदना-चिकित्सालयांत आलेल्या ५,१३० रुग्णांची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या साडेबावीस टक्के लोकांच्या दुखण्याचे एक कारण पूर्वी झालेली शस्त्रक्रिया हे निघाले. २०१८ साली जगभरच्या हर्निया-तज्ज्ञांनी एकत्र येऊन मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांत जांघेच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दखल घ्यावी असे दुखणे दहा ते बारा टक्के रुग्णांना राहते, आणि रोजच्या कामात अडथळा आणणारे दुखणे अर्ध्यापासून सहा टक्क्यांपर्यंत रुग्णांना होते, असे नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत तर 'शस्त्रक्रियेनंतरची दीर्घकालीन वेदना' असा वेगळा कप्पाच आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकली की ती त्यात मोडते. म्हणजे दाजींचे दुखणे अधिकृत आहे. हे ऐकून त्यांची आग कमी झाली नाही, पण ताईची बोलणी थांबली.

जांघेतून तीन बारीक चेतातंतू जातात. शस्त्रक्रियेत त्यांपैकी एखादा ताणला जातो, टाक्यात सापडतो किंवा जखम भरताना जाळीभोवती जो कठीण वण तयार होतो त्यात गुरफटतो. अशी तार मग कारण नसताना संदेश पाठवू लागते. आणि ती बराच काळ ओरडत राहिली की मज्जारज्जूही ऐकून ऐकून हळवा होतो. साधा स्पर्शही त्याला डंखासारखा पोचतो. नाडी आणि इंगळी यांचा संबंध हा असा आहे.

आता उपाय. इथे पहिला सल्ला आला तो दाजींच्या मुंबईच्या पुतण्याकडून: जाळीच काढून टाका. जाळीला एकदम गुन्हेगार ठरवण्याआधी थोडे आपल्याच मुलखात डोकावायला हवे, कारण हर्नियाच्या जाळीचा विचार महाराष्ट्राने परदेशी मालापुरता ठेवलेला नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर स्वस्त आणि महागड्या जाळीची तुलना झाली. हर्निया परत येण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. ते संशोधन २०१६ साली अमेरिकेतल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाने छापले. इकडे पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच टाळणारी पद्धत काढली. रुग्णाच्या स्वतःच्या पोटाच्या भिंतीतल्या चिवट पडद्याची पट्टी वापरून ते कमकुवत जागा बांधतात. २००१ पासून ती पद्धत नियतकालिकांत आली आणि देशोदेशीच्या सर्जनांनी उचलली. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर देसरडा पद्धत आणि नेहमीची जाळीची पद्धत यांची तीन वर्षे तुलना झाली, तिचा अहवाल २०१२ साली आला. जाळी नसलेल्या गटात जुनाट दुखणे ठळकपणे कमी निघेल अशी माझी वाचताना अपेक्षा होती. तसे निघाले नाही. दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. चेतातंतू दुखवायला जाळीच लागते असे नाही. सुरी, टाका आणि वण पुरतात. शिवाय वणात रुतलेली जाळी सोडवणे हे ती घालण्याइतके सोपे नसते. तिच्यालगतच वृषणाच्या रक्तवाहिन्या असतात, आणि जाळी निघाली की हर्निया परत येण्याची वाट मोकळी होते. पुतण्याचा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, पण तो यादीत पहिला यायला नको होता.

यादीत पहिले काय यावे, हे मला आमच्या गोठ्यात समजले. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांचे काम जवळून पाहण्याची इथल्या लोकांना सवय आहे. बैलाच्या शिंगाला कर्करोग झाला की शिंग काढावे लागते. डॉक्टर आधी डोळा आणि शिंग यांच्या मधल्या हाडाच्या कडेखाली सुई देतात. थोड्या वेळाने शिंग बधिर होते, ते टोचून बघतात, आणि मगच करवत लावतात. घोड्याच्या बाबतीत तर ही विद्या आणखी पुढे गेलेली आहे. लंगडणाऱ्या घोड्याला नेमके कुठे दुखते ते सांगता येत नाही. म्हणून पशुवैद्य पायातला एक एक चेतातंतू क्रमाने बधिर करतात आणि प्रत्येक वेळी घोडा चालवून बघतात. ज्या सुईनंतर लंगडणे थांबते, तिथे दुखण्याचे मूळ. काही घोड्यांत शेवटी ती नस कापतातही. मात्र मग खुरात खिळा गेला तरी घोड्याला कळत नाही, आणि कधी कापलेल्या टोकाला गाठ येऊन ती दुखू लागते. म्हणून कापण्याची पाळी शेवटी येते.

माणसाला बोलता येते ही सोय असूनही माणसाच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा पाळला जात नाही, ही माझी तक्रार आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत चेतातंतूभोवती भूल देणारे औषध सोडणे ही दिवसभराचीही गोष्ट नाही. पण तिचा अर्थ लावण्यात घोटाळा होतो. दाजींना असे पहिले इंजेक्शन दिले तेव्हा अर्ध्या तासात आग थांबली आणि रात्री आठच्या सुमारास परत आली. घरी सगळ्यांचे मत पडले, पैसे पाण्यात गेले. वास्तविक त्या दिवशी एक फार मोलाची माहिती हाती आली होती: जी तार बधिर केली तीच दुखण्याची तार आहे, आणि दुखणे अजून पूर्णपणे वरच्या मजल्यावर, म्हणजे मज्जारज्जू-मेंदूत, मुक्कामाला गेलेले नाही. आग जराही कमी झाली नसती, तर ती तार कापून काय मिळणार होते? काही तासांचा आराम हे तपासणीचे उत्तर होते. आमच्याकडे ते उपचार फसल्याचा पुरावा म्हणून वाचले गेले, आणि ते समजावून सांगायला त्या दवाखान्यात कोणाला पाच मिनिटे सापडली नाहीत.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही नावे अशा घरांत लवकरच पाठ होतात. २०१५ साली या औषधांच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रीगॅबालिन सात-आठ जणांनी घेतले तर त्यांतल्या एकाला, ज्याला नुसत्या साखरेच्या गोळीने आला नसता, असा निम्मा आराम येतो. अमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या जुन्या, स्वस्त औषधांचा आकडा याहून बराच बरा होता, साडेतीनाच्या आसपास. गोळी बंद करता येते, हा तिचा मोठा गुण. गुंगी येते, हा मोठा दोष; ज्याला खंबाटकीचा घाट चढून जायचे आहे त्याने हा दोष हलका समजू नये.

गोळ्या आणि सुरी यांच्या मध्ये रेडिओलहरींचा उपचार येतो. सुईच्या टोकातून लहरी सोडून चेतातंतूला ऊब देतात. एका प्रकारात ती बेचाळीस अंशांच्या आसपास ठेवतात म्हणजे तार जळत नाही, दुसऱ्यात ऐंशीच्या घरात नेऊन जाळतात. दोन्हींचे नाव सारखेच ऐकू येते. तेव्हा 'रेडिओवाला उपचार' कोणता, तार राहणार की जाणार, हे विचारल्याशिवाय टेबलावर पडू नये. ऊब देण्याच्या प्रकाराचा पुरावा अजून किरकोळ आहे, त्याचा धोकाही तसाच आहे.

मग येते नस कापणे. माझा कल सुरीविरुद्ध आहे हे एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल. तरी एक गोष्ट लपवणे बरे नाही. नेदरलँड्समध्ये हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर चेतातंतूचे दुखणे राहिलेल्या ५४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला इंजेक्शने, दुसऱ्याला नस कापण्याची शस्त्रक्रिया. २०१८ च्या त्या अहवालात इंजेक्शनने २२ टक्के रुग्णांना यश आले, नस कापून ७१ टक्क्यांना. हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही. वर्षानुवर्षे इंजेक्शनच्या फेऱ्या मारत राहणे हेही शहाणपण नव्हे. पण शंभरांतले उरलेले एकोणतीस जण आहेतच, आणि त्यांना नस परत जोडून मिळत नाही. जांघेचा तेवढा भाग कायमचा बधिर होतो. कधी कापलेल्या टोकाशी गाठ येते. आणि कधी तार तुटल्यावरही मेंदू त्या जागेची आग ऐकतच राहतो, पाय कापलेल्या माणसाला नसलेला अंगठा दुखावा तसा. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सिलास वीअर मिचेल या डॉक्टरने अशा नसलेल्या अवयवांच्या वेदना एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवल्या आहेत.

शेवटच्या पायरीवर यंत्र आहे. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी असे मांडले की मज्जारज्जूत दुखण्यासाठी एक फाटक असते आणि स्पर्शाचे संदेश ते लोटून घेऊ शकतात. लागलेल्या जागी आपण हात चोळतो तो यासाठी. दोनच वर्षांनी नॉर्मन शीली या सर्जनने त्याच तत्त्वावर मज्जारज्जूला विजेचे सौम्य ठोके देणारे यंत्र एका रुग्णात बसवले. आज ते बॅटरीसह कातडीखाली बसते, आपल्या मोठ्या शहरांत मिळते, आणि त्याचा खर्च काही लाखांत जातो. दाजींना हे एका ठिकाणी सुचवले गेले, तेही दुसऱ्याच भेटीत. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पायात दुखणे राहिलेल्या १०० रुग्णांच्या २००७ सालच्या चाचणीत यंत्रवाल्यांपैकी ४८ टक्के लोकांचे पायाचे दुखणे सहा महिन्यांत निम्म्याने उतरले, नुसत्या औषधोपचारावर असलेल्यांपैकी ९ टक्के लोकांचे. पण त्यात कोणाला यंत्र बसले हे उघड होते. नॉर्वेत तशाच ५० रुग्णांच्या अंगात यंत्र बसवून ते आळीपाळीने चालू आणि बंद ठेवले, कधी चालू आहे हे रुग्णाला न सांगता. २०२२ साली निकाल आला: रोजच्या हालचालींत चालू आणि बंद यांत लक्षणीय फरक नाही. ती चाचणी ठोक्यांच्या एका विशिष्ट प्रकाराची होती आणि पाठीच्या रुग्णांची होती, जांघेच्या नव्हे. तिच्यावरून सगळी यंत्रे भंगारात काढणे अन्यायाचे होईल. तरी शेत गहाण टाकण्याआधी ती वाचायला हवी. कायमचे यंत्र बसवण्याआधी काही दिवस तात्पुरती तार घालून बघतात, हे चांगले आहे. फक्त त्या दिवसांतला आराम विजेचा किती आणि आशेचा किती, हे त्यात कळत नाही.

आपल्याकडे असे निर्णय घराच्या ओसरीवर होतात. कोणाच्या तरी साडूला कुठेतरी गुण आलेला असतो आणि तो पत्ता खिशात ठेवून मंडळी गाडी ठरवतात. प्रेमापोटीच चालते हे सगळे. पण दाजींना काय हवे ते विचारायला बराच वेळ लागला. दवाखान्यात विचारतात, शून्य ते दहात दुखणे किती. दाजी दर वेळी आठ म्हणायचे. एकदा मी त्यांना विचारले की काय करता आले म्हणजे पुरे. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, भरलेली किटली गोठ्यापासून रस्त्यापर्यंत, मोटारसायकलवरून शिरवळचा बाजार, आणि रात्रीची सलग पाच तास झोप. जांघ बधिर राहिली तर? "राहूंदे की. तिथं काय मला मोती ववायचेत?" हे उत्तर प्रत्येकाचे असे असणार नाही. एखाद्या तरुणाला तोच बधिरपणा दुखण्याहून जड वाटेल. तराजू तोच, पण वजने ज्याची त्याने टाकायची असतात.

ओसरीवरच्या मंडळींसाठी एक निकालही इथे सांगायला हवा. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि रुग्ण सज्ञान व शुद्धीवर येणारा असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आईची सहीसुद्धा त्याच्या सहीच्या जागी चालत नाही. उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि ठळक धोके रुग्णाला आधी सांगायला हवेत. हर्नियाच्या वेळी दाजींनी ज्या छापील कागदावर सही केली त्यात दुखणे मागे राहू शकते असा शब्द नव्हता.

आणि कागदांचे. दाजींच्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेपुढे एकच ओळ होती: जाळी बसवली. दुसऱ्या सर्जनला नेमके हवे असते ते त्यापुढचे, म्हणजे कोणती जाळी, ती टाक्यांनी बसवली की खिळ्यांनी, तिन्ही चेतातंतू दिसले होते का. हे शस्त्रक्रियेच्या टिपणात असते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षे जपून ठेवावे लागतात. आमची तीन वर्षे संपायला सहा महिने उरले होते. दोन लेखी अर्ज आणि तीन चकरा झाल्यावर टिपण मिळाले. त्यात एक चेतातंतू 'दिसला आणि वाचवला' असे आहे; उरलेल्या दोघांचा उल्लेख नाही.

दाजींचे दुसरे इंजेक्शन गेल्या महिन्यात झाले. या वेळी त्यांनी बधिर असलेल्या तासांत घरी न थांबता किटली उचलून बघितली, गोठ्यापासून रस्त्यापर्यंत. आग नऊ तासांनी परत आली. ते त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहे. ऊस कारखान्याला गेला की पुण्याला एका सर्जनकडे जायचे ठरले आहे. ताईने विचारायचे प्रश्न वहीत उतरवून घेतलेत. अशा किती नसा आपण कापल्या, त्यांतले किती रुग्ण वर्षानंतरही आपल्याला भेटतात, आणि कापूनही आग राहिली तर पुढे काय. तिसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय सही करायची नाही, असे ताईचे म्हणणे आहे. दाजी म्हणतात, दुसऱ्याचे खरे उत्तर मिळाले तरी पुरे.